हुबळीचा नंबर, कोल्हापूरचा टॉवर : रोमिंग, एसटीडी आणि कॉल फॉरवर्डिंगचा हिशेब

हुबळी-धारवाड : हुबळीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने निघालेली गाडी धारवाड, बेळगाव, संकेश्वर, निपाणी करत कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी येते. पुढे कागल लागते आणि मोबाईल वाजतो. महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये स्वागत, असा मेसेज असतो. आज तो कुणी उघडूनही पाहत नाही. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी याच मेसेजनंतर गाडीत सूचना व्हायची, "आता फोन घेऊ नका, रोमिंग लागतंय."

लग्नकार्य, बाजार, दवाखाना, कॉलेज, कोर्टकचेरी या सगळ्यासाठी सीमाभागातला माणूस महिन्यात कैक वेळा राज्याची हद्द ओलांडतो. त्यामुळे रोमिंगचा भुर्दंड पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा त्यालाच जास्त बसला. आता देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे जवळपास संपले आहेत. मात्र त्या काळी पैसे वाचवण्यासाठी लोक जी सोय वापरत, ते कॉल फॉरवर्डिंग, आज फसवणुकीचे साधन झाले आहे. म्हणून हा सगळा व्यवहार नीट समजून घेणे गरजेचे आहे.

एसटीडी वेगळे, रोमिंग वेगळे

बोलताना लोक दोन्हीला "बाहेरचा कॉल" म्हणतात. प्रत्यक्षात हे दोन वेगळे आकार.

एसटीडी म्हणजे ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट डायल करून लावलेला दुसऱ्या गावचा कॉल. भारतात ही सोय १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर या शहरांदरम्यान पहिल्यांदा सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे छोट्या गावांना ट्रंक कॉल बुक करून वाट पाहावी लागे. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. लँडलाइनवर जितके अंतर जास्त तितके पैसे जास्त, आणि रात्री उशिरा दर उतरत. म्हणून जेवणखाण उरकून अकरानंतर बूथवर रांग लागायची.

रोमिंग म्हणजे आपला नंबर ज्या सर्कलचा आहे, त्याच्या बाहेर जाऊन तो वापरणे. इथे तुम्ही कुणाला फोन लावता यापेक्षा तुम्ही स्वतः कुठे उभे आहात, याला महत्त्व असते.

सीमाभागाचा खरा तिढा : सर्कल

मोबाईल सेवेसाठी देशाचे २२ परवाना क्षेत्रांत विभाजन केलेले आहे. त्यालाच सर्कल म्हणतात. कर्नाटक हे एक सर्कल. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. मुंबई वेगळे. म्हणजे हुबळी, धारवाड, बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर ही सगळी गावे एका सर्कलमध्ये, तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पणजी दुसऱ्या सर्कलमध्ये.

लँडलाइनचे कोड मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. बेळगावचा ०८३१, पणजीचा ०८३२, हुबळी-धारवाडचा ०८३६. कोडच्या हिशेबात गोवा बेळगाव आणि धारवाडच्या मध्ये बसतो. मोबाईलच्या हिशेबात तोच गोवा महाराष्ट्राबरोबर जातो. कोल्हापूरचा कोड ०२३१, सोलापूरचा ०२१७.

याचा परिणाम असा झाला की बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूला मोबाईलवरून लावलेला कॉल लोकल धरला जाई. पण बेळगावला लागूनच असलेल्या चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या नंबरला लावलेला कॉल एसटीडी. हुबळीचा माणूस सहज म्हणून गोव्याला गेला तरी रोमिंगमध्ये. नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना आणि बिलाची रेघ बरोबर मधून, अशी स्थिती होती. हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांचा कोड मात्र एकच, त्यामुळे तिथे आपसात हा प्रश्न आला नाही.

सुरुवातीला कंपन्याही वेगवेगळ्या होत्या. कर्नाटकात स्पाइस, तर महाराष्ट्र-गोव्यात बिर्ला एटीअँडटी, म्हणजे पुढची आयडिया. आयडियाने २००८ मध्ये स्पाइस घेतल्यावरच तिचे जाळे कर्नाटकात आले. तोवर निपाणीच्या पलीकडे गेले की फोन दुसऱ्याच कंपनीच्या टॉवरवर जात असे.

आलेल्या कॉलचे पैसे आपण का भरायचे?

हा प्रश्न त्या काळी प्रत्येकाने विचारला. देशात मोबाईल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा आपल्याच गावात आलेल्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून फोन लावणाऱ्यानेच पैसे भरायची पद्धत आली आणि घरच्या सर्कलमध्ये इनकमिंग फुकट झाले. रोमिंगमध्ये मात्र ते फुकट झाले नाही.

त्यामागचा तर्क असा. धारवाडचा माणूस धारवाडच्याच दुसऱ्या माणसाला फोन लावतो. त्याच्या दृष्टीने हा लोकल कॉल. समोरचा त्या वेळी कोल्हापूरला आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्याने लोकलचेच पैसे द्यायचे. कॉल आधी कर्नाटकातल्या नेटवर्ककडे जातो. तिथल्या नोंदीत हा नंबर सध्या कोल्हापूरच्या टॉवरवर आहे, असे दिसते. मग कॉल तिकडे पाठवला जातो. धारवाड ते कोल्हापूर या दुसऱ्या टप्प्याचा खर्च ज्याने प्रवास केला त्याच्या माथी.

यातून गमतीचे प्रकार व्हायचे. हुबळीची दोन माणसे कोल्हापुरात अंबाबाईच्या गर्दीत चुकली आणि एकाने दुसऱ्याला फोन लावला, तर कॉल कर्नाटकात जाऊन परत कोल्हापुरात येई. लावणाऱ्याला रोमिंगमधल्या एसटीडीचे पैसे, घेणाऱ्याला रोमिंग इनकमिंगचे. अंतर शंभर पावलांचे.

दर कसे उतरले

१ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या वन इंडिया योजनेत देशभर कुठेही १ रुपया मिनिट हा दर आला. एसटीडीचे ओझे तिथून हलके व्हायला लागले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला १ पैसा दर आणला आणि इतर कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले.

रोमिंगवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, टप्प्याटप्प्याने कमाल मर्यादा घातली. मिनिटाचे दर असे होते :

- फेब्रुवारी २००७ पासून : लोकल आउटगोइंग १.४० रुपये, एसटीडी २.४० रुपये, इनकमिंग १.७५ रुपये. रोमिंगचे वेगळे मासिक भाडेही याच वेळी बंद झाले.
- १ जुलै २०१३ पासून : लोकल १ रुपया, एसटीडी १.५० रुपये, इनकमिंग ७५ पैसे.
- १ मे २०१५ पासून : लोकल ८० पैसे, एसटीडी १.१५ रुपये, इनकमिंग ४५ पैसे.

१५ जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमधले इनकमिंग मोफत केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते रोमिंगचे वेगळे पैसे न घेताच. त्यानंतर स्पर्धेत टिकायचे म्हणून बाकीच्यांनीही पावले उचलली. एअरटेल आणि आयडियाने एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंगमधले इनकमिंग मोफत केले. आजच्या अमर्यादित कॉलच्या पॅकमध्ये लोकल, एसटीडी आणि देशांतर्गत रोमिंग एकाच रकमेत येतात.

फॉरवर्डिंगची जुनी युक्ती

रोमिंग महाग असताना पुणे-कोल्हापूरला वरचेवर जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी एक तोड काढली होती. महाराष्ट्राचे एक सिम घ्यायचे. हुबळीचा नंबर त्यावर फॉरवर्ड करायचा. घरचा कॉल हुबळीच्या नंबरवर येणार, तिथूनच वळून महाराष्ट्राच्या सिमवर वाजणार. तो नंबर आपल्याच सर्कलमध्ये, म्हणून रोमिंग नाही.

पण हे फुकट नव्हते. कॉल फॉरवर्ड झाला की त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला, लावणाऱ्यापासून आपल्या नंबरपर्यंत. त्याचे पैसे लावणारा भरतो. दुसरा, आपल्या नंबरपासून फॉरवर्ड केलेल्या नंबरपर्यंत. तो आपल्या नावावरचा आउटगोइंग कॉल. हुबळीच्या नंबरवरून महाराष्ट्राच्या नंबरवर, म्हणजे एसटीडी.

दहा मिनिटांच्या कॉलचा हिशेब मांडला तर युक्ती कधीपर्यंत चालली ते कळते. २००७ च्या कमाल दराने रोमिंग इनकमिंगचे १७.५० रुपये होत. फॉरवर्ड करून १ रुपया मिनिट एसटीडीने १० रुपये. म्हणजे ७.५० रुपये वाचत. २०१३ च्या दराने रोमिंगचेच ७.५० रुपये झाले, म्हणजे फॉरवर्ड केल्यास उलट अडीच रुपये जास्त. २०१५ ला रोमिंगचे ४.५० रुपये. हिशेब उलटला होता, तरी बरेच जण सवयीने फॉरवर्ड करत राहिले.

दुसरी अडचण ओळखीची. परत फोन लावताना महाराष्ट्राचा नंबर दिसे. घरचे अनोळखी नंबर म्हणून उचलत नसत.

फॉरवर्डिंगचे चार प्रकार

१. सगळे कॉल : फोन वाजतच नाही, कॉल थेट दुसऱ्या नंबरवर जातो.

२. बिझी असताना : आपण दुसऱ्या कॉलवर असलो तर वळतो.

३. उचलला नाही तर : ठरावीक सेकंद वाजून मग वळतो.

४. संपर्काबाहेर असताना : फोन बंद किंवा रेंजमध्ये नसेल तर वळतो.

आजही याचा खरा उपयोग आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटात, कॅसलरॉकच्या रेल्वेमार्गावर रेंज जाते. दवाखान्यात पेशंट असताना एक फोन संपर्काबाहेर गेला तर कॉल घरातल्या दुसऱ्या नंबरवर जाणे सोयीचे ठरते. अशा वेळी चौथा प्रकार पुरेसा असतो. "सगळे कॉल" हा प्रकार लावून विसरले, तर फोन हातात असूनही आठवडाभर एकही कॉल येत नाही आणि लोक टॉवरला दोष देत बसतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फॉरवर्ड होतात ते फक्त कॉल, मेसेज नाहीत. बँकेचा ओटीपी मेसेजने आला तर तो मूळ सिमवरच येतो. आणि फॉरवर्ड झालेला कॉल आपल्या नावावरचा आउटगोइंग असल्यामुळे तो अमर्यादित पॅकमध्ये धरला जातो का, हे कंपनीला विचारूनच ठरवावे. रिचार्ज संपून आउटगोइंग बंद पडले तर फॉरवर्डिंगही सहसा चालत नाही.

इथेच फसवणूक होते

कुरिअरवाला, मोबाईल कंपनीचा माणूस किंवा बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून फोन येतो. "पार्सल अडकलंय, हा कोड डायल करा", "सिम बंद पडणार आहे, एवढं दाबा." सांगितलेला कोड *४०१* किंवा **२१* किंवा *२१* असा सुरू होतो आणि पुढे दहा आकडी नंबर असतो. तो दाबला की आपले सगळे कॉल त्या भामट्याच्या फोनवर वळतात. फोन हातात आहे, रेंज आहे, म्हणून संशयही येत नाही.

मग तो आपला व्हॉट्सॲप नंबर स्वतःच्या फोनवर टाकतो आणि मेसेजऐवजी कॉलने कोड मागतो. तो कॉल त्यालाच जातो. व्हॉट्सॲप त्याच्या हातात, आणि त्यावरून नातेवाइकांकडे "अर्जंट पैसे पाठव" असे मेसेज. नातेवाईक खात्रीसाठी फोन लावतात, तर तो कॉलही भामट्याकडेच वळलेला असतो.

हे प्रकार वाढल्यावर यूएसएसडी कोडवरून फॉरवर्डिंग सुरू करण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावी, असे निर्देश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिले. तरीही कोड सांगणारे फोन थांबलेले नाहीत. घरात वयस्कर मंडळी असतील तर त्यांना एकच वाक्य सांगून ठेवावे : कुणीही फोनवर सांगितलेला * किंवा # चा कोड दाबायचा नाही.

आपला फोन तपासायचा असेल तर :

- *#२१# : सगळे कॉल फॉरवर्ड आहेत का, ते दिसते.
- *#६२# : संपर्काबाहेर असताना कॉल कुठे जातात, ते दिसते. इथे कधी कधी कंपनीचाच व्हॉइसमेल किंवा मिस्ड कॉल अलर्टचा नंबर असतो. अनोळखी मोबाईल नंबर दिसला तर मात्र सावध व्हावे.
- ##००२# : सगळ्या प्रकारचे फॉरवर्डिंग एकदम रद्द होते.

कोड न वापरताही फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग हा पर्याय सापडतो. तिथून प्रत्येक प्रकार वेगळा चालू-बंद करता येतो. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावले असेल तर नुसत्या कॉलच्या कोडवर खाते जात नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. ही हेल्पलाइन देशभर एकच आहे, त्यामुळे आपण कर्नाटकात की महाराष्ट्रात, असा प्रश्न येत नाही.

दोन सिम ठेवायचे की नंबर पोर्ट करायचा?

धारवाडला शिकायला आलेला कोल्हापूरचा विद्यार्थी किंवा पुण्यात नोकरी करणारा हुबळीचा मुलगा जुनाच नंबर चालवू शकतो. रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत. नवीन गावात त्या कंपनीची रेंज बरी नसेल तरच पोर्ट करायचा विचार करावा. ३ जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून दुसऱ्या सर्कलमध्येही पोर्ट करता येतो. त्यासाठी PORT हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज करायचा. येणारा कोड साधारण ४ दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये पोर्टिंगला ३, तर दुसऱ्या सर्कलमध्ये ५ कामकाजाचे दिवस लागतात. सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर ७ दिवस पोर्ट होत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.

जुन्या सवयीने दुसऱ्या राज्याचे सिम अजून ड्रॉवरमध्ये पडलेले असेल तर त्याकडेही पाहावे. ९० दिवस कॉल, मेसेज, इंटरनेट काहीच वापरले नाही तर नंबर बंद होऊ शकतो. प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. म्हणून तो बँकेला किंवा आधारला जोडलेला असेल तर आधी तिथे नंबर बदलावा, मगच सिम सोडावे. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते संचार साथी पोर्टलवर पाहता येते. इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि मेसेजचे वेगळे पॅक ठेवावेत, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे. घरातल्या साध्या फोनसाठी रिचार्ज मारताना दुकानात तसा पॅक आवर्जून मागावा.

परदेशात जुना नियम अजून जिवंत

देशात संपलेला हिशेब परदेशात तसाच चालू आहे. दुबई किंवा अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या फोनवर आलेला कॉल भारतातून तिकडे पाठवला जातो आणि त्याचे पैसे घेणाऱ्यालाच पडतात.

फॉरवर्डिंग चालू असेल तर जास्तच. "उचलला नाही तर" किंवा "बिझी असताना" हे प्रकार लावलेले असले, तर कॉल आधी परदेशातल्या नेटवर्कपर्यंत जातो, तिथे उचलला जात नाही आणि वळून पुन्हा भारतात येतो. कुणी बोललेही नाही तरी जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही पैसे लागू शकतात. "सगळे कॉल" प्रकारात मात्र कॉल भारतातच वळतो, परदेशात जात नाही. म्हणून विमानात बसण्यापूर्वी फॉरवर्डिंग तपासून नको असलेले रद्द करावे, गरजेप्रमाणे आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक भारतात असतानाच सुरू करावा आणि डेटा रोमिंग बंद ठेवावे. रोमिंग सुरू असेल तर येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे बँकेचे ओटीपी मिळतात.

सीमेवर अजूनही लक्षात ठेवण्यासारखे

निपाणी, कागल, चंदगड, खानापूर पट्ट्यात घरात बसूनही फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो. पूर्वी यामुळे न हलताच रोमिंग लागायचे आणि लोक सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडायचे. आता पैशांचा प्रश्न नाही. पण ११२ या आपत्कालीन नंबरची नियंत्रण केंद्रे राज्यवार आहेत. सीमेजवळून तो लावला तर पहिल्या वाक्यातच गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगावे. महामार्गावर अपघात झाला असेल तर जवळचे गाव आणि रस्त्याची कोणती बाजू, हेही. त्याने मदत चुकीच्या बाजूला जाण्याचे टळते.

मोबाईलवरून लँडलाइनला फोन लावताना शून्यासह एसटीडी कोड लावावाच लागतो. हुबळीतल्या हुबळीत असला तरी ०८३६. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाईलला लावताना आधी शून्य दाबावे लागते. घरात आजी-आजोबा अजून लँडलाइन वापरत असतील आणि "तुझा फोन लागतच नाही" म्हणत असतील, तर बऱ्याचदा हा एक शून्यच राहिलेला असतो.